मोठे टायर आणि आसातील दंतचक्रे

आपल्या डोंगराळ भागात जीपगाडी आली त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली आणि तेव्हापासून हे वाहन सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या जनजीवनाचा एक भाग होऊन बसले. मतपेट्या, औषधे, शाळेची पुस्तके, काजूच्या बिया, लग्नाचे वऱ्हाड अशा नाना प्रकारच्या ओझ्यांची वाहतूक तिने केली. आज चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या अनेक नव्या गाड्या बाजारात आल्या आहेत. त्यांच्याबरोबरच कंपनीने दिलेले टायर काढून त्यांच्या जागी मोठे टायर बसविण्याची हौसही खेड्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. मात्र टायर मोठे केल्यावर गाडीच्या आसात दडलेल्या दंतचक्रांवर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार फारच थोडे लोक करतात. हा विचार सोप्या गणिताच्या आधारे कसा करावा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका प्रसंगामुळे. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कार्यालयीन कामासाठी मी सत्तरी तालुक्यातील एका डोंगराळ वाडीत गेलो होतो. त्याच दिवशी वाडीतील एका वृद्ध गृहस्थांच्या छातीत दुखू लागले. मुख्य रस्ता दोन किलोमीटरांवर होता. वाट ओहोळातून चढणीची, लाल चिखलाने माखलेली. एका शेतकऱ्याकडे चारचाकी शक्तीची गाडी होती आणि तिला त्याने महिनाभरापूर्वीच मोठे, रुंद टायर बसविले होते. सर्वांनी मोठ्या विश्वासाने त्या वृद्धांना गाडीत बसविले. ओहोळ गाडीने सहज ओलांडला. परंतु चढणीच्या मध्यावर इंजिन गुदमरू लागले, क्लच अर्धवट दाबून गाडी रेटण्याचा प्रयत्न झाला, जळका वास सुटला आणि गाडी जागच्या जागी थांबली. अखेर चार तरुणांनी त्या वृद्धांना खुर्चीवर बसवून खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत नेले. तेथे १०८ ची रुग्णवाहिका येऊन उभी होती. सुदैवाने ते बचावले. गाडीचा मालक मात्र पुन्हापुन्हा म्हणत होता, "साहेब, टायर मोठे केले की गाडीची ताकद वाढते, असंच सगळे सांगत होते हो!"

ताकद वाढत नाही, ती घटते. का घटते, ते आता पाहू.

आसाचे गुणोत्तर म्हणजे काय?

इंजिनात निर्माण होणारी फिरकी प्रथम गिअर बॉक्समध्ये जाते. चारचाकी शक्तीच्या गाडीत ती तेथून ट्रान्स्फर केस नावाच्या पेटीत येते आणि तेथून लांब दांड्यांच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, साह्याने पुढील व मागील आसांकडे जाते. प्रत्येक आसाच्या मध्यभागी जो फुगीर भाग दिसतो, त्यात डिफरन्शियल असते. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाशी असलेले लहान दंतचक्र म्हणजे पिनियन आणि त्याने फिरविले जाणारे मोठे चक्र म्हणजे क्राऊन. गॅरेजमध्ये या जोडीला 'क्राऊन-पिनियन' असेच म्हणतात.

क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले असता येणारी संख्या म्हणजे आसाचे गुणोत्तर होय. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११ दाते असतील, तर गुणोत्तर ३.७३ येते. म्हणजेच प्रोपेलर शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. पिनियनला १० दाते असतील तर हेच गुणोत्तर ४.१० होते, आणि ९ दाते असतील तर ४.५६. गुणोत्तराचा आकडा जितका मोठा, तितका चाकाला मिळणारा जोर अधिक. मात्र त्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फेरे मारावे लागतात. एक मिळवायचे तर दुसरे द्यावे लागते, हा यंत्रशास्त्राचा मूलभूत नियम येथेही लागू पडतो.

शाळेतील विद्यार्थ्यांना हे समजावून देण्यासाठी सायकलीसारखे दुसरे साधन नाही. सायकलीच्या मागील चाकाजवळचे दातेरी चक्र मोठे असेल, तर पायडल हलके लागते. पण पाय अधिक वेळा फिरवावे लागतात. आता समजा, त्याच सायकलीला कोणी अधिक व्यासाचे मागील चाक बसविले. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पूर्वीपेक्षा अधिक अंतर कापील. परंतु चढणीवर पायांत गोळे येतील. तो जडपणा घालवायचा तर मागचे दातेरी चक्र त्याच प्रमाणात मोठे करावे लागेल. जीपगाडीच्या आसात नेमके हेच करावे लागते. फरक एवढाच, की सायकलस्वाराचे पाय तक्रार करतात आणि गाडीचा क्लच मुकाट्याने जळून जातो.

मोठ्या टायराचे गणित

एक उदाहरण घेऊ. एखाद्या गाडीला कंपनीने २३५/७५ आर १५ या मापाचे टायर दिले आहेत. या मापातील पहिला आकडा टायराची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा टायराची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत सांगतो. यावरून पूर्ण व्यास काढता येतो : २३५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १७६ मि.मी.; ही उंची रिमच्या वर आणि खाली, अशी दोनदा धरावयाची, म्हणून ३५३ मि.मी.; रिमचा व्यास १५ इंच म्हणजे ३८१ मि.मी.; एकूण व्यास सुमारे ७३४ मि.मी.

मालकाने त्याऐवजी ३३ इंची टायर बसविले. ३३ इंच म्हणजे ८३८ मि.मी. ८३८ ला ७३४ ने भागले असता १.१४ येते. म्हणजे व्यास चौदा टक्क्यांनी वाढला. चाक रस्त्याला जो रेटा देते, तो आसाच्या फिरकीला चाकाच्या त्रिज्येने भागून मिळतो. त्रिज्या चौदा टक्क्यांनी वाढली आणि फिरकी तेवढीच राहिली, तर रेटा सुमारे बारा टक्क्यांनी घटतो. त्यात भर म्हणून मोठा टायर वजनानेही जड असतो आणि त्याचे बहुतेक वजन परिघाजवळ असते. जड चाक फिरवावयास आणि थांबवावयास, दोन्हीलाही अधिक शक्ती लागते. भर चढणीवर, माणसांनी भरलेल्या गाडीत, ही एवढी तूट इंजिन गुदमरण्यास पुरेशी ठरते.

गमावलेला जोर परत मिळविण्यासाठी जे नवे गुणोत्तर लागते, त्याचे सूत्र असे :

नवे गुणोत्तर = जुने गुणोत्तर × नव्या टायराचा व्यास ÷ जुन्या टायराचा व्यास.

आपल्या उदाहरणात जुने गुणोत्तर ३.७३ असेल, तर ३.७३ ला ८३८ ने गुणून ७३४ ने भागावे. उत्तर सुमारे ४.२६ येते. अर्थात बाजारात प्रत्येक आसासाठी प्रत्येक गुणोत्तर उपलब्ध असतेच असे नाही. दात्यांची संख्या पूर्णांकीच असावी लागते. सबब, उत्तराच्या जवळचे जे गुणोत्तर त्या आसासाठी मिळत असेल, त्यातून निवड करावी लागते.

ही निवड कशी करावी? गाडी तासाला ६० कि.मी. वेगाने चालली आहे असे समजू, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. जुन्या टायराचा परीघ सुमारे २.३ मीटर, म्हणून किलोमीटरमागे त्याचे ४३४ फेरे होतात. नव्या टायराचे ३८०. यावरून प्रोपेलर शाफ्टचे दर मिनिटाचे फेरे काढले असता पुढील चित्र दिसते :

जुने टायर, गुणोत्तर ३.७३ — सुमारे १६२० फेरे.
मोठे टायर, गुणोत्तर ३.७३ — सुमारे १४२० फेरे.
मोठे टायर, गुणोत्तर ४.१० — सुमारे १५६० फेरे.
मोठे टायर, गुणोत्तर ४.२७ — सुमारे १६२० फेरे.
मोठे टायर, गुणोत्तर ४.५६ — सुमारे १७३० फेरे.

गिअर बॉक्स थेट गिअरात असताना, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट समान गतीने फिरत असताना, हेच इंजिनाचे फेरे होत. ४.२७ ने गाडी जवळजवळ मूळ स्थितीत येते. गाडी बहुतांशी डांबरी रस्त्यावर चालणार असेल, तर ४.१० ने भागू शकेल. घाट, ओझे आणि कच्चा रस्ता हेच नित्याचे काम असेल, तर ४.५६ अधिक सोयीचे. मात्र हमरस्त्यावर इंजिनाची घरघर आणि इंधनाचा खर्च किंचित वाढेल. मोठा आकडा म्हणजे अधिक चांगला, असा समज करून घेऊ नये. पिनियनचे दाते कमी करीत गेल्यास पिनियन लहान होत जाते आणि एका वेळी क्राऊनशी भिडणाऱ्या दात्यांचे प्रमाणही घटते. त्यामुळे जोडीचे बळ कमी होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कारखानदारांनी स्वतः केलेला बदल

आसाचे गुणोत्तर कामाप्रमाणे बदलावे लागते, याचा उत्तम दाखला जीपच्याच इतिहासात सापडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ओहायो राज्याच्या टोलेडो शहरी विलीज कारखान्यात तयार झालेल्या लष्करी जीपच्या आसांचे गुणोत्तर ४.८८ होते. युद्ध संपत आले तेव्हा, १९४५ साली, त्याच कारखान्याने शेतकऱ्यांसाठी सी. जे. २ ए ही नागरी जीप बाजारात आणली. इंजिन त्याच कुळातले, टायरही त्याच मापाचे. परंतु नांगर ओढणे, ओझे वाहणे अशी कामे डोळ्यांसमोर ठेवून आसाचे गुणोत्तर ५.३८ करण्यात आले. केवळ एवढ्या बदलाने चाकावरील जोर सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. ट्रान्स्फर केसमधील मंद गिअरही अधिक जोराचा करण्यात आला. परिणामी पहिला गिअर आणि मंद गिअर एकत्र धरले असता लष्करी जीपमध्ये इंजिनाची फिरकी चाकापर्यंत सुमारे २५ ते २६ पट होत असे, ती नागरी जीपमध्ये ३६ ते ३७ पट झाली. रणांगणावर वेग हवा होता, शेतात रेटा हवा होता. दंतचक्रे त्याप्रमाणे बदलली. मोठे टायर बसविणाऱ्या मालकाला नेमका याच मार्गाने जावे लागते.

पुढचा आणि मागचा आस

चारचाकी शक्तीच्या गाडीत पुढील व मागील, दोन्ही आसांचे गुणोत्तर समान असलेच पाहिजे. खर्च वाचविण्यासाठी केवळ मागच्या आसाची दंतचक्रे बदलण्याचा मोह काहींना होतो. गाडी दोन चाकांच्या शक्तीवर चालते तोपर्यंत दोष लक्षात येत नाही. परंतु चारही चाकांची जोडणी केल्याबरोबर ट्रान्स्फर केस दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरवू पाहते आणि दोन आस वेगवेगळ्या गतीने चालू पाहतात. हा विरोध कोठेतरी बाहेर पडणारच. मऊ मातीवर टायर घसरून तो सहन करतात. टणक रस्त्यावर मात्र शाफ्ट, सांधे आणि ट्रान्स्फर केस पिळवटून निघतात व काहीतरी मोडते. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर लावल्यासही हाच अनर्थ ओढवतो. म्हणून दोन्ही आस एकाच वेळी बदलावेत आणि सुटे चाकही त्याच मापाचे ठेवावे.

बदलाचे काम

हे काम घरच्या अंगणात करण्याजोगे नाही. तरीही ते कसे चालते हे मालकाला ठाऊक असावे, म्हणजे गॅरेजमध्ये काय विचारावे ते समजेल.

प्रथम आसातील तेल काढून आतील शाफ्ट बाहेर घेतात. डिफरन्शियलच्या बेअरिंगवरील टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण करूनच त्या सोडवाव्यात. त्यांची अदलाबदल चालत नाही. जुन्या जोडीतील पातळ चकत्या, म्हणजे शिम, मोजून आणि क्रमाने बाजूला ठेवतात. नव्या जोडीची पहिली मांडणी त्यांच्या आधारे करता येते. नवे क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळविलेले असतात आणि दोहोंवर जोडीचा समान क्रमांक कोरलेला असतो. एका जोडीचे क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचे पिनियन कधीही एकत्र बसवू नये.

आणखी एक बाब अनेकदा ऐन वेळी उघडकीस येते. काही आसांत गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले की क्राऊन ज्यावर बसते तो डिफरन्शियलचा सांगाडाही बदलावा लागतो. डाना ४४ या प्रसिद्ध आसात ही सीमा ३.७३ आणि ३.९२ यांच्या दरम्यान आहे. खर्चाचा अंदाज घेतानाच याची चौकशी करावी.

बसविताना चार गोष्टी मोजून घ्याव्या लागतात : पिनियन किती आत बसले आहे, पिनियनच्या बेअरिंगवर किती ताण आहे, क्राऊन व पिनियन यांच्या दात्यांत किती मोकळीक आहे, आणि डिफरन्शियलच्या बाजूच्या बेअरिंगवर किती ताण आहे. दात्यांतील मोकळीक डायल गेजने मोजतात. अनेक आसांत ती ०.१५ ते ०.२५ मि.मी. एवढीच असते; म्हणजे एखाद्या जाड कागदाइतकी. नेमका आकडा त्या आसाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, अंदाजाने धरू नये.

यानंतर दात्यांना रंग लावून चक्रे फिरवितात आणि त्यावर उमटलेली छाप पाहतात. छाप दात्याच्या मध्यावर पडली पाहिजे. ती दात्याच्या माथ्याकडे पडली, तर पिनियन क्राऊनपासून दूर राहिले आहे. बुडाशी पडली, तर ते फार आत गेले आहे असे समजावे. शिम कमीअधिक करून ही छाप मध्यावर आणण्यात कुशल मेस्त्रीचाही पुष्कळ वेळ जातो. डायल गेज आणि रंग यांच्याशिवाय 'हाताच्या अंदाजाने' काम करून देतो असे कोणी म्हटल्यास तेथे गाडी देऊ नये. असे बसविलेले आस थोड्याच दिवसांत विव्हळू लागतात आणि नवी महागडी जोडी वाया जाते.

काम झाल्यावर त्या आसासाठी सांगितलेले, डिफरन्शियलसाठीच बनविलेले तेल घालावे. बहुतेक आधुनिक आसांत पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याहून खाली असतो. त्यामुळे दाते एकमेकांवरून केवळ गडगडत नाहीत, तर घसरतही जातात. साधे तेल या घर्षणात टिकत नाही. नवी चक्रे अंगी लागेपर्यंत संयम राखणेही आवश्यक आहे. पहिल्या पंचवीसेक किलोमीटरांनंतर गाडी थांबवून आस पूर्ण थंड होऊ द्यावेत, पहिले ८०० कि.मी. जड ओझे किंवा ट्रेलर ओढू नये आणि त्यानंतर तेल बदलावे, असा सर्वसाधारण सल्ला जाणकार देतात.

स्पीडोमीटर, लॉगबुक आणि ब्रेक

जुन्या पद्धतीच्या गाडीत स्पीडोमीटरची तार ट्रान्स्फर केसपासून निघते. अशा गाडीला केवळ मोठे टायर लावले, तर काटा ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ६८ च्या वेगाने धावत असते. चालकाला वाटते आपण मर्यादेत आहोत. प्रत्यक्षात तो मर्यादा ओलांडून गेलेला असतो. शासकीय वाहने सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १०० कि.मी. प्रवास झाला तरी लॉगबुकात ८८ च नोंदले जातात आणि इंधनाचे प्रमाण उगाचच बिघडलेले दिसते. चालकावर संशय घेण्यापूर्वी टायराचे माप पाहावे, हे बरे. आसाचे गुणोत्तर त्याच प्रमाणात वाढविल्यास हा फरक आपोआप मिटतो. नव्या गाड्यांत मात्र वेगाची मोजणी चाकाजवळच्या संवेदकावरून होते. तेथे दंतचक्रे बदलूनही दुरुस्ती होत नाही, संगणकातील नोंद बदलावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. दंतचक्रे बदलल्याने चढणीवरचा जोर परत येतो, उतारावर इंजिनाचा आवरही परत येतो. परंतु ब्रेकची क्षमता तसूभरही वाढत नाही. मोठ्या आणि जड चाकाला थांबविण्यासाठी त्याच ब्रेकला अधिक जोर लावावा लागतो. शिवाय गाडीची उंची वाढल्याने वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. हे सर्व पत्करून मिळते काय? आपल्या उदाहरणात आसाचा तळ जमिनीपासून केवळ ५२ मि.मी. म्हणजे दोन इंच वर जातो. त्या दोन इंचांची आपल्याला खरोखरच गरज आहे काय, हा प्रश्न खर्च करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. म्हणून टायराचे माप अथवा वाहनाच्या रचनेतील कोणतीही गोष्ट बदलण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीसही कळवावे. अपघातानंतर भरपाईचा प्रश्न उपस्थित होतो तेव्हा न कळविलेला फेरबदल कुटुंबाला फार महाग पडतो. उत्पादकाने त्याच गाडीसाठी पर्यायी म्हणून मान्य केलेली मापे पुस्तिकेत दिलेली असतात. निवड त्या मर्यादेत ठेवणे हेच शहाणपणाचे.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

आसाचे गुणोत्तर न उघडताही मोजता येते. गाडी सपाट जागेवर उभी करून पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम उटी लावावी. मागील एक चाक जॅकने उचलून आसाखाली मजबूत घोडी द्यावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हातब्रेक सोडावा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरन्शियलच्या रचनेमुळे क्राऊनचा एकच फेरा होतो. एवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील, तितके आसाचे गुणोत्तर. पावणेचार फेऱ्यांच्या आसपास खूण आली, तर ३.७३, चार आणि थोडे अधिक, तर ४.१०. मोजणी जाणत्या चालकाने करावी. विद्यार्थ्यांनी सुरक्षित अंतरावरून पाहावे आणि वहीत नोंद करावी. पुस्तकातील प्रमाणाचे गणित शाळेच्या आवारातील गाडीत जिवंत झालेले पाहून मुलांना वेगळाच आनंद होतो, असा माझा अनुभव आहे.

समारोप

सारांश असा, की मोठे टायर हा गाडीला चढविलेला केवळ दागिना नव्हे. ते बसविल्याने गाडीच्या शक्तिमार्गाचे सारे प्रमाण बदलते. व्यास दहा टक्क्यांहून अधिक वाढत असेल आणि गाडीला चढण चढावयाची असेल, तर दोन्ही आसांची दंतचक्रे बदलण्याचा खर्च टायराच्या खर्चातच धरावा. तो परवडणारा नसेल, तर टायरही मोठे करू नयेत. एकाच गोष्टीचे हे दोन भाग आहेत.

त्या वाडीतील शेतकऱ्याने पुढे काय केले? एका संध्याकाळी त्याच्या पडवीत बसून आम्ही दोघांनी कागदावर हेच गणित मांडले. त्याच्या मुलीने, ती तेव्हा नववीत होती, गुणाकार-भागाकार केले. दोन्ही आसांच्या कामाचा खर्च आणि त्या ओहोळाच्या तळाशी असलेल्या दगडांची उंची त्याने मनाशी ताडून पाहिली. मूळ मापाच्या टायरांनीही ओहोळ ओलांडता येत होता; अडचण आली होती ती केवळ चढणीवर. त्याने जुन्या मापाचे, परंतु चिखलासाठी खोल नक्षीचे टायर घेतले आणि क्लच नवा बसविला. चढणीच्या पायथ्याशीच गाडी मंद गिअरात घ्यावयाची, मध्यावर क्लचशी झगडत बसावयाचे नाही, एवढा एक नियम त्याने स्वतःस घालून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा तेथे गेलो, तेव्हा ते वृद्ध गृहस्थ त्याच गाडीत पुढच्या आसनावर बसून तपासणीसाठी निघाले होते. गाडी चिखलातून संथपणे, न गुरगुरता, वर चढून गेली. खुर्ची मात्र मुलांनी अजून ओसरीवरच ठेवली होती.